स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया

आहारनियमन, व्यायाम व औषधे हे उपाय निष्ठेने करूनही ज्याचा मेद आटोक्यात येत नाही, आणि त्या मेदापायी ज्याचे आयुष्य मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी किंवा निद्रेतील श्वासावरोध यांनी पोखरले जात आहे, अशा रुग्णाच्या जठराचा आकार लहान करून, अथवा त्याबरोबरच लहान आतड्याचा मार्ग वळवून, वजन उतरविण्यासाठी करावयाची शस्त्रक्रिया. व्यवहारात हिला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. हिच्यात अंगावरील चरबी कापून काढली जात नाही.

इतिहास व निकष : अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाओ इटो यांनी १९६६ साली जठराचा बायपास सुरू केला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. नागपूरचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतल्याचे वृत्त त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. रुग्णाची निवड बीएमआय या अंकावरून, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून, होते. भारतीय शरीरात कमी वजनावरही मधुमेह शिरतो, सबब भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, आणि सहव्याधी असल्यास ३२.५, अशी ठरविली, १.६० मीटर उंचीच्या मनुष्यास हे अंक अनुक्रमे ९६ व सुमारे ८३ किलो वजनाला लागू पडतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई रुग्णांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे.

प्रकार : ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढून नळीसारखा भाग ठेवतात, ‘बायपास’मध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट पुढील आतड्याला जोडतात. दोहोंमुळे अन्न थोडे मावते, आणि भूक व रक्तशर्करा यांवर अधिकार चालविणारे अंतःस्रावही बदलतात.

पूर्वतयारी : रक्त, यकृत, हृदय, थायरॉइड व निद्राश्वसन यांच्या तपासण्या, दुर्बिणीने जठराची पाहणी आणि मनोविकारतज्ज्ञाशी संभाषण हा सर्वत्रचा क्रम आहे, परंतु चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशातील रुग्णाने त्यात दोन गोष्टींची भर अवश्य घातली पाहिजे. पहिली, सिकलसेलची तपासणी. कारण हा आनुवंशिक रक्तदोष या इलाख्यात आढळतो, आणि भूल, शरीरातील पाण्याची तूट वा प्राणवायूची उणीव यांनी त्याचे दुखणे उसळू शकते. दुसरी, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, सोडणे. कारण तंबाखूने जखम भरण्यास विलंब होतो आणि बायपासनंतर जठर-आतड्याच्या सांध्याजवळ व्रण पडण्याची भीती वाढते. शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी तंबाखू पूर्णतः बंद व्हावी, आणि ती पुन्हा तोंडी लागू नये. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून चाललेले ‘मुक्तिपथ’ अभियान याच व्यसनाशी झुंजत आहे. तेव्हा रुग्णाने या कामी एकट्यानेच झगडले पाहिजे असे नाही. अखेरचे दोन आठवडे अल्प उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात, जेणेकरून यकृत आकसून शस्त्रवैद्यास वाट मोकळी मिळते.

शस्त्रक्रियेनंतर होणारे फेरबदल : प्रथम पातळ पदार्थ, मग गाळलेले व मऊ अन्न, आणि सुमारे दोन महिन्यांच्या मुदतीत नित्याचे जेवण, असा आहाराचा जिना चढावा लागतो. धानाच्या या प्रदेशात, जेथे भाताविना जेवण पुरे वाटत नाही, तेथे मनाला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट हीच की चिकट भात लहान जठरात गोळा होऊन अडखळतो, म्हणून ताटात प्रथम स्थान अंडी, मामा (माजी मालगुजारी) तलावातील मासळी, कोंबडी, घट्ट वरण वा ताक-दही यांना द्यावे लागते. दिवसास ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा दंडक आहे. पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. गूळ-साखर अधिक झाल्यास बायपास झालेल्यास घाम, धडधड व जुलाब होतात. मोहाची असो वा दुकानातील, दारू फार वेगाने अंगात भिनते आणि तिची चटक नव्याने लागण्याचाही धोका असतो. अंगदुखीवरील साध्या गोळ्याही वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत, कारण त्यांतील पुष्कळशा व्रण उत्पन्न करतात.

पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाचा सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश भाग उतरतो. मधुमेहींचे इन्सुलिन कित्येकदा काही दिवसांतच कमी करावे लागते. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात व बहुधा पुन्हा येतात, त्वचा लोंबते, पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. स्त्रियांनी दीड वर्षापर्यंत गर्भधारणा टाळावी. ब१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ही जन्मभर घ्यावी लागतात. त्यांत हयगय झाल्यास रक्तक्षय, हाडांची झीज, हातापायांच्या मुंग्या, क्वचित मज्जासंस्थेची कायमची हानी ओढवते.

दोन जिल्ह्यांची स्थिती : कुपोषण ही या भूमीची जुनी व्यथा आहे, तथापि कोळसाखाणी, वीजकेंद्र, कचेऱ्या व व्यापारपेठा यांच्याभोवती वाढलेल्या वस्तीत स्थूलता व मधुमेह अपरिचित राहिलेले नाहीत. शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्णास बहुधा नागपूर गाठावे लागते. चंद्रपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, आणि भामरागड वा सिरोंचाहून त्याच्या दुपटीहून अधिक दूर. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो. म्हणून ज्याने चार महिने पुरतील इतक्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची तजवीज केली नाही, ज्याच्या घरच्या मंडळींनी नवे पथ्य समजून घेतले नाही, आणि जवळच्या रुग्णालयात ज्याचे शस्त्रक्रियेचे कागद पोहोचले नाहीत, त्याची तयारी अपुरी समजावी. दूरच्या गावच्या रुग्णाने शस्त्रक्रियेची तारीख घेतेवेळी पुढील दोन वर्षांच्या तपासणीच्या तारखाही त्याच वेळी मागून, लिहून घ्याव्यात.