दगडातले मोर, आपल्या हातचे

पायाखाली दगडाचा चुरा करकरतो आहे. समोर उंच परांची, तिच्यावर ओळीनं बसलेले पाथरवट आणि चहूकडून छिन्नीचा आवाज. तुम्ही सांगलीच्या विश्रामबाग स्टेशनातून निघालात, पण पोचलात 1885 सालच्या मुंबईतल्या बोरीबंदरला. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी इथूनच ठाण्याला सुटली. आता इथे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर 1878 पासून नवं स्टेशन उभं राहतंय. त्याला अजून नावही नाही. 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव दोन वर्षांनी मिळेल आणि काम 1888 मध्ये संपेल.

परांचीवरून नजर खाली आणा. ओल्या मातीचा वास येतोय ना? बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी नक्षीचे नमुने घडवताहेत. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स. याच गुरूंच्या देखरेखीखाली 1872 पासून या शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत आले आहेत. इमारतीचा साचा विलायती गॉथिक असला, तरी तिच्या कमानींवर या शाळेच्या हातून इथलाच मोर पिसारा फुलवतो, माकडं चढतात, पानांच्या वेलबुट्टीत खारी लपतात.

दर्शनी भिंतीजवळ या. वेगवेगळ्या पगड्या-पागोटी घातलेले चेहरे ओळखीचे वाटतील, कारण ते इथल्याच माणसांचे आहेत. रेल्वे कंपनीच्या संचालकांमध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांचेही चेहरे कोरलेले आहेत. जमशेटजींनी दिलेल्या लाख रुपयांतून 1857 मध्ये ही कलाशाळा निघाली, आणि तिच्याच विद्यार्थ्यांची कारागिरी आज त्यांच्या चेहऱ्याभोवती फुलली आहे.

आता थोडी वर्षं पुढे सरका आणि तिकीटघरात शिरा. डोक्यावर निळ्या छतात सोनेरी तारे. तिकिटासाठी ताटकळणाऱ्या कुणाहीसाठी हे आभाळ आहे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. स्टेशनातल्या कलेचं मोठेपण मला इथे दिसतं. संग्रहालयात कधीच न जाणारा हमालही रोज तिच्याखालून जातो.

2004 मध्ये युनेस्कोनं ही वास्तू जागतिक वारसा ठरवली. पुण्यात आता मेट्रोची डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं मावळ्याच्या पगडीच्या आकारात उभी आहेत. आपली खूण स्टेशनावर उमटवण्याची ओढ आजही जिवंत आहे.

म्हणून आता विश्रामबागच्या फलाटावर उभे राहा आणि भिंतीकडे नीट पाहा. इथे काय उमटायला हवं? 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवलं, त्या रंगमंचाची पात्रं. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यापासून घडवलेले तंबोरे. पेठेतली पिवळीधमक हळद. कृष्णेचा घाट. हे सगळं आपल्याजवळ आहे, आणि ते रंगवू शकणारी मुलं आसपासच्या शाळा-कॉलेजांत आज शिकताहेत. बोरीबंदरला शिकत्या मुलांवर इतकं मोठं काम सोपवण्याचा विश्वास दाखवला गेला होता. तोच विश्वास आपण आपल्या मुलांवर दाखवू या आणि या भिंती त्यांच्या हाती देऊ या.