श्वसनरोगांवरील औषधांची कसोटी आणि पुणे

औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. औषधाविनाही कित्येक रुग्ण बरे होतात. म्हणून जणू चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, एकास नवे औषध व दुसऱ्यास प्रचलित उपचार द्यावेत आणि परिणामांची तुलना करावी, ही पद्धत रूढ झाली. फुप्फुसाच्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी ब्रिटनमध्ये झाली व तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ जण दगावले. पुढे हेच औषध पुण्याशेजारी, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात तयार होऊ लागले.

या पद्धतीची खरी परीक्षा २०२० साली झाली. ९ मार्च रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले. रोग नवा, औषध अज्ञात आणि सर्वत्र भयाचे सावट. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटनेने ‘सॉलिडॅरिटी’ ही चाचणी आरंभिली. भारतातील तिच्या समन्वयाची धुरा १९९२ साली स्थापन झालेल्या, भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने वाहिली. एचआयव्हीवरील औषधांच्या चाचण्यांचा अनुभव या संस्थेच्या गाठी होता. डॉ. शीला गोडबोले या चाचणीच्या राष्ट्रीय समन्वयक होत्या.

रेमडेसिविर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाविर-रिटोनाविर आणि इंटरफेरॉन यांची ही कसोटी होती. रुग्णाची संमती घेतल्यावर त्याला कोणता उपचार मिळणार हे संगणक ठरवी. डॉक्टरांच्या वा नातलगांच्या इच्छेला तेथे वाव नसे. नेहमीची शुश्रूषा मात्र सर्वांनाच मिळे. ऑक्टोबर २०२० पर्यंत भारतातील २६ केंद्रांवर ९३७ रुग्ण तीत सहभागी झाले होते.

त्याच महिन्यात ३० देशांतील ११ हजारांहून अधिक रुग्णांचे अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले. चारही औषधांनी मृत्यू टळण्यास म्हणण्यासारखे साहाय्य केले नव्हते. याच पद्धतीच्या ब्रिटनमधील चाचणीत मात्र डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने गंभीर रुग्णांचे प्राण वाचतात, हे जूनमध्येच दिसून आले होते.

तरीही एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, रेमडेसिविरच्या एकेका कुपीसाठी पुण्यातील नातलग रात्रंदिवस वणवण करीत होते. काळ्या बाजाराने त्यांच्या अगतिकतेचा लाभ घेतला. २०२२ मधील अंतिम निष्कर्षांत कृत्रिम श्वसनयंत्रावर नसलेल्या रुग्णांना या औषधाचा अल्पसा लाभ आढळला. यंत्रावरील अत्यवस्थांना तोही नव्हता.

‘या औषधाने गुण येत नाही’ हे उत्तर ऐकणे कठीण असते. परंतु ते वेळीच स्वीकारले तर निष्फळ उपचार, व्यर्थ खर्च आणि खोटी आशा यांपासून असंख्य कुटुंबे वाचतात. स्वतः शय्येवर असताना पुढील रुग्णांसाठी संमतिपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदलेली नाहीत. त्यांचे ऋण मात्र समाजावर कायम आहे.