आई-बाबांना ॲडव्हान्स्ड कॅन्सर असेल तर सेकंड ओपिनियन कधी, कुठे आणि कसं घ्यायचं?

‘कॅन्सर पसरला आहे,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, मुंबईला टाटाला न्या. कुणी म्हणतं, इथेच केमो सुरू करा. कुणी व्हॉट्सॲपवर काढ्याचा पत्ता पाठवतं. अशा वेळी ‘आणखी एका डॉक्टरांना दाखवून घेऊ’ हा विचार बहुतेक घरांत येतो आणि तो योग्यच आहे. पण दुसरं मत नेमकं कशासाठी हवंय, हे आधी ठरलं नसेल तर पैसा, वेळ आणि पेशंटची ताकद खर्च होते, हाती काहीच लागत नाही.

सेकंड ओपिनियन म्हणजे नेमकं काय?

सेकंड ओपिनियन म्हणजे डॉक्टर बदलणं नाही. तेच रिपोर्ट दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे पाहून दिलेलं मत, एवढाच त्याचा अर्थ. ॲडव्हान्स्ड कॅन्सरमध्ये त्यातून तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत:

१. निदान आणि स्टेज बरोबर आहे का?
२. सुचवलेले उपचार योग्य आहेत का, दुसरा पर्याय आहे का?
३. या उपचारांचं उद्दिष्ट काय? आजार पूर्ण बरा करणं, आयुष्य वाढवणं की त्रास कमी करणं?

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. ‘केमो देऊ’ म्हटलं की ‘बरं करू’ असं ऐकणारी कुटुंबं खूप असतात. शिवाय स्टेज ४ हा शब्द सगळ्या कॅन्सरमध्ये सारखा नसतो. अंडकोषाचा कॅन्सर किंवा काही प्रकारचे लिम्फोमा पसरल्यानंतरही बरे होऊ शकतात. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसह अनेक जण काही वर्षं जगतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये चित्र बऱ्याचदा कठीण असतं.

निदान पुन्हा का तपासायचं?

सगळे उपचार बायोप्सीच्या रिपोर्टवर उभे असतात. तो रिपोर्ट ज्या काचेच्या स्लाइड्सवरून तयार झाला, त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. गाठ नेमक्या कुठल्या अवयवातून सुरू झाली, ती कुठल्या प्रकारची आहे, हे यात पुन्हा पाहिलं जातं.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात ईजीएफआर, एएलके अशा जनुकीय बदलांची तपासणी करतात. ईजीएफआरमधला ठरावीक बदल सापडला तर अनेकदा सलाइनमधून केमो देण्याऐवजी गोळ्यांनी उपचार सुरू करता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्यांवरून औषधं ठरतात. त्यामुळे ‘आणखी कुठली तपासणी व्हायला हवी होती आणि झालेली नाही?’ हा सेकंड ओपिनियनमधला सगळ्यात उपयोगी प्रश्न ठरू शकतो.

तेवढा वेळ हातात असतो का?

गाठीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये आठ-दहा दिवस थांबल्याने सहसा फरक पडत नाही. तरीही ‘आम्ही किती दिवस थांबू शकतो?’ हे सध्याच्या डॉक्टरांना थेट विचारा. ॲक्यूट ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये थांबण्याची मुभा नसते.

अचानक पायांतली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, खूप दम लागणं, रक्तस्राव किंवा केमो सुरू असताना ताप येणं, यातलं काहीही झालं तर मत घेत बसू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच जा.

फाइलमध्ये काय हवं?

- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्लाइड्स आणि मेणाचा (पॅराफिन) ब्लॉक
- इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आणि जनुकीय तपासणीचे रिपोर्ट
- सीटी, एमआरआय, पेट स्कॅनची सीडी (फक्त छापील रिपोर्ट पुरत नाही)
- डिस्चार्ज कार्ड, आतापर्यंतच्या केमोची औषधं, डोस आणि तारखा
- ताजे रक्ताचे रिपोर्ट, हृदय आणि किडनीच्या तपासण्या
- सध्या सुरू असलेली सगळी औषधं, डायबेटिस-बीपीच्या गोळ्यांसकट

वर एक पान जोडा. लक्षणं कधी सुरू झाली, काय काय झालं आणि आज पेशंटची स्थिती कशी आहे, हे त्यावर लिहा. स्वतः आंघोळ करतात का, घरात फिरतात का, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो? डॉक्टर यावरूनच ‘परफॉर्मन्स स्टेटस’ ठरवतात आणि पेशंटला केमो झेपेल का, याचा अंदाज बांधतात. इथे वाढवून चांगलं सांगणं पेशंटच्या अंगाशी येऊ शकतं.

ब्लॉक हा पेशंटच्या गाठीचा मूळ नमुना असतो. तो हरवला तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते. घेताना आणि देताना पावती घ्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो ठेवू नका.

डॉक्टर रागावले तर?

या भीतीने अनेक जण लपूनछपून मत घेतात. त्याची गरज नाही. इतकं म्हटलं तरी पुरतं: ‘डॉक्टर, उपचार सुरू करण्याआधी घरच्यांच्या समाधानासाठी आणखी एका तज्ज्ञांना दाखवायचं आहे. रिपोर्ट आणि स्लाइड्स कधी मिळतील?’

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यायला हवीत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही दुसरं मत घेण्याचा हक्क नमूद आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

कुठे जायचं?

पहिलं मत सर्जनचं असेल तर दुसरं मेडिकल ऑन्कोलॉजिस्टचं घ्या. शक्यतो त्याच अवयवाच्या कॅन्सरवर काम करणारे डॉक्टर आणि वेगळं रुग्णालय निवडा. जिथे ‘ट्यूमर बोर्ड’ असतो, म्हणजे सर्जन, मेडिकल आणि रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात, तिथे एका फेरीत जास्त काम होतं.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून सुरू आहे. पण प्रत्येकाने तिथेच गेलं पाहिजे असं नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं आणि संस्था आहेत. उपचारांत समानता यावी म्हणून ग्रिडने मार्गदर्शक सूचनाही तयार केल्या आहेत. टाटा मेमोरियल सेंटर आणि ग्रिड यांच्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेतून रिपोर्ट ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं मत घेता येतं. आई प्रवास करण्याच्या स्थितीत नसेल तर आधी फाइल पाठवा. शुल्क आणि सवलत आधीच विचारून घ्या.

प्रवास करावाच लागला तर रेल्वेची सवलत लक्षात ठेवा. उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये १०० टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार सुरू असतील तर रुग्णालय बदलण्याआधी आरोग्यमित्राशी बोला. मंजुरीचं काय होईल, हे आधी कळलेलं बरं.

पेशंटला विचारलं का?

‘आईला काही सांगू नका, खचेल ती,’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य. मग पुण्यातला मुलगा, अमेरिकेतली मुलगी आणि गावचे काका मिळून निर्णय घेतात. आई केमोच्या खुर्चीत बसते, पण ते कशासाठी चाललंय, हे तिला माहीत नसतं. बऱ्याचदा तिला अंदाज आलेला असतो. मुलांना वाईट वाटेल म्हणून तीही बोलत नाही.

सगळं एकदम सांगायची गरज नसते. ‘आई, रिपोर्टबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय?’ इथून सुरुवात करता येते. ‘तू ठरव, मला नको सांगूस,’ असं ती म्हणाली तर तोही तिचाच निर्णय. पण तिला घरी राहायचंय की दवाखान्यात, नातवाचं लग्न गाठायचंय की वेदना थांबायला हव्यात, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. दुसऱ्या डॉक्टरांसमोर हे मांडलं तर त्यांचं मतही वेगळं येऊ शकतं.

दुसरी गोष्ट घरातल्यांची. रोज औषधं देणारी, उलटी साफ करणारी व्यक्ती जे पाहते, ते फोनवरून दिसत नाही. डॉक्टरांशी बोलताना तिला सोबत घ्या. लांबच्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर जोडा.

दोन मतं वेगळी आली तर?

आधी फरक कशात आहे ते पाहा. निदानातच फरक असेल तर तो मिटल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे तिसरं मत घेणं योग्य ठरतं. फरक फक्त औषधांच्या क्रमात असेल तर अनेकदा दोन्ही पर्याय मान्य असतात. मग खर्च, त्रास आणि घरापासूनचं अंतर पाहून ठरवता येतं. दोन्ही डॉक्टरांना हे विचारा:

- या उपचारांनी साधारण किती फायदा अपेक्षित आहे?
- त्रास काय होईल, दवाखान्याच्या फेऱ्या किती?
- उपयोग होतोय की नाही, हे कधी आणि कसं कळेल?
- हे उपचार घेतले नाहीत तर काय होईल?

मनासारखं उत्तर मिळेपर्यंत चौथा-पाचवा डॉक्टर शोधत राहिलं की पेशंटचे चांगले दिवस प्रवासात जातात. आणि ‘१०० टक्के बरा करू’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे.

‘आता पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे हात वर करणं का?

नाही. वेदना, दम, झोप, भूक, भीती यांवरचे हे उपचार केमोसोबतही देता येतात. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या गटाचं जगणं जास्त सुसह्य होतं आणि आयुष्यही थोडं जास्त होतं. मध्यक आयुर्मान ११.६ महिने होतं, तर दुसऱ्या गटात ८.९ महिने.

महाराष्ट्रातही अशा जागा आहेत. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. दोन्हीकडे सेवा मोफत असते.

म्हणून दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा ‘अजून कुठले उपचार आहेत?’ यासोबत ‘त्रास कमी करायला आजपासून काय करता येईल?’ हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी ‘फार काही नाही’ असं येतं. दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच काहीतरी असतं.