मानमोडी, दुष्काळ आणि गावदप्तर : अहमदनगर जिल्ह्याच्या मृत्युनोंदींसंबंधी काही विचार

अहमदनगर जिल्ह्यात १९११ च्या खानेसुमारीत सुमारे ९ लक्ष ४५ हजार माणसे मोजली गेली. १८ मार्च १९२१ रोजी झालेल्या पुढच्या खानेसुमारीत हीच संख्या सुमारे ७ लक्ष ३२ हजार भरली. दहा वर्षांत दोन लक्ष तेरा हजारांची तूट, म्हणजे शेकडा साडेबावीस. आजच्या महाराष्ट्राचा सर्व प्रदेश एकत्र घेतला, तर त्याच दशकातील घट शेकडा तीनहूनही कमी आहे. मग हा एकच जिल्हा (२०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले) एवढा का खचला ?

या प्रश्नाचे उत्तर सहज सुचते आणि ते बरेच वेळा दिलेही जाते. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्ल्यूएंझाची जी भयंकर साथ आली, जिला आपल्याकडे लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले, तिने ही माणसे नेली. साथीची भीषणता कोणी नाकारणार नाही. परंतु दोन खानेसुमारींतील वजाबाकीला मृत्युसंख्या मानणे ही फार मोठी चूक होईल. सरकारी कामकाजाच्या ओघात, संशोधकाच्या गरजा ध्यानात न धरता तयार झालेले दप्तर लोकारोग्याच्या इतिहासासाठी कसे वाचावे व कसे वाचू नये, याचा वस्तुपाठ म्हणून आपल्या जिल्ह्याचे हे उदाहरण फार उपयोगी आहे.

प्रथम गावची नोंद कशी होत असे ते पाहू. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील खेड्यांत पोलीस पाटील हा सरकारला जबाबदार असा गावचा अधिकारी होता व जन्ममृत्यूंची नोंद त्याच्या नावे होई. पाटील पुष्कळदा निरक्षर असे, तेव्हा लेखणी कुलकर्ण्याच्या हाती. आणि कोणाच्या घरी काय घडले याची वर्दी आणण्याचे काम बहुधा गावच्या महाराकडे. हे आकडे तालुक्याच्या कचेरीत जात, तेथून जिल्ह्याला आणि शेवटी इलाख्याच्या आरोग्य आयुक्ताच्या वार्षिक अहवालात छापले जात. गावच्या नोंदवहीची तपासणी देवीच्या खात्याकडे असे, कारण कोणते मूल टोचायचे राहिले हे जन्माच्या यादीवरूनच समजे. त्यामुळे जन्माची बाजू काही प्रमाणात तरी पडताळली जाई. मृत्यूच्या बाजूला असा हितसंबंध असलेला तपासनीस नव्हता.

मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, इतर, आणि १८९६ नंतर प्लेग. यांतील ‘ताप’ हा रकाना सर्वांत मोठा, आणि सर्वांत संशयास्पद. पटकी व देवी ओळखण्यास वैद्याची गरज नसे, पण ज्या मरणाचे कारण कोणालाच सांगता येत नसे ते सारे तापात जाई. प्लेगाची गोष्ट निराळी. प्लेगाची वर्दी दिली की घर मोकळे करणे, माणसे अलग काढणे, सामानाचे निर्जंतुकीकरण ही संकटपरंपरा गावावर येई, म्हणून प्लेगाचे मरण लपविण्याकडे लोकांचा कल असे आणि तेही पुष्कळदा तापातच लिहिले जाई. रकाना रोगाचा असला, तरी त्यात काय भरले जाईल हे नोंदीच्या परिणामांवरही अवलंबून होते. हे ध्यानात घेतले नाही, तर प्लेगाच्या वर्षांत तापाचे बळी का वाढले असा प्रश्न पडतो व त्याचे उत्तर आपण हवापाण्यात शोधू लागतो.

१९१८ साली इन्फ्ल्यूएंझाला स्वतःचा रकाना नव्हता. त्याचे बहुतेक बळी तापात पडले. म्हणून त्या काळच्या अधिकाऱ्यांनी जी रीत वापरली ती मुळात योग्य होती : मागील काही वर्षांच्या त्याच महिन्यांची सरासरी काढावयाची आणि तिच्यावर जो अधिक आकडा दिसेल तो साथीच्या खाती मांडावयाचा. दोष होता तो मूळ नोंदीत. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत साथीचा जोर होता. त्या आठवड्यांत पाटील, कुलकर्णी आणि वर्दी देणारा हे तिघेही अंथरुणाला खिळलेले असणे अशक्य नव्हते. ज्या महिन्यात मृत्यू सर्वाधिक, त्याच महिन्यात लिहिणारा हात थांबलेला ! वर्षानुवर्षे सारख्याच प्रमाणात अपुरी राहणारी नोंद संशोधकाला चालते. तीवरून चढउतार तरी समजतात. पण संकटाबरोबरच जिची अपूर्णता वाढते अशी नोंद चढाला उतार दाखवू शकते.

याचा परिणाम अखिल भारताच्या अंदाजांवरही झाला आहे. १९१९ साली सरकारी आरोग्य आयुक्तांच्या प्राथमिक अहवालाने साथीचे बळी सुमारे साठ लक्ष धरले. किंग्जले डेव्हिस यांनी १९५१ साली खानेसुमारींच्या आधारे तो आकडा एक कोटी पंच्याऐंशी लक्षांच्या आसपास नेला. २०१२ साली सिद्धार्थ चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार खानेसुमारींची मालिका घेऊन ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांसाठी सुमारे एक कोटी एकोणचाळीस लक्षांचा अंदाज दिला. यांची व्याप्ती अगदी सारखी नाही हे खरे. तरीही एकाच घटनेच्या गणनेत एकास तीन असा फरक पडावा यावरून साधनांची परीक्षा किती आवश्यक आहे हे कळते.

गावची नोंद अपुरी, म्हणून खानेसुमारीकडे वळावे, तर तेथे दुसरी अडचण उभी राहते. खानेसुमारीने माणूस जेथे सापडला तेथे मोजला. आणि नगर जिल्ह्यात ती दहा वर्षे नुसत्या साथीची नव्हती. १९१८ साली पाऊस हुकला, १९२० साली पुन्हा हुकला. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या पर्जन्यछायेतल्या भागांत पाऊस हुकला म्हणजे माणसे गुरांसह बाहेर पडतात, हे येथील जुने वहिवाटीचे दुःख आहे. १९२१ चा मार्च महिना अशा टंचाईच्या हंगामातलाच होता. जो मुंबईत गिरणीच्या दारी किंवा परजिल्ह्यात चाऱ्याच्या शोधात होता, तो जिवंत असूनही नगरच्या हिशेबी नाहीसा झाला.

मेलेले किती आणि गेलेले किती, हे वेगळे करता येईल काय ? पूर्णपणे नाही, पण अंदाज बांधण्यास एक वाट आहे. १९३१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ लक्ष ८८ हजार भरली. १९२१ पासून ही वाढ शेकडा पस्तीस होते. त्या काळच्या जन्ममृत्यूंच्या प्रमाणात केवळ नैसर्गिक वाढीने दहा वर्षांत शेकडा पस्तीस होणे असंभाव्य आहे. महाराष्ट्राच्या प्रदेशाची त्याच दशकातील वाढ शेकडा पंधराच्या किंचित आत होती. नगरलाही तीच गती लावली, तर १९२१ साली जिल्ह्याची म्हणता येतील अशी माणसे सुमारे ८ लक्ष ६० हजार असली पाहिजेत. म्हणजे दोन लक्ष तेरा हजारांच्या तुटीपैकी सुमारे १ लक्ष २८ हजार माणसे मेलेली नव्हती. ती त्या दिवशी घरी नव्हती. उरलेली सुमारे ८५ हजारांची घट ही, तीही जन्मांची भर वजा न करता, खऱ्या हानीची निशाणी मानता येईल.

या गणितावर आम्ही फार भार टाकणार नाही. १९२१ ते १९३१ हे दशक जिल्ह्याच्या उत्तर भागात पाटाच्या पाण्याचे व उसाचे दशक होते. गोदावरीचे कालवे आधीच वाहू लागले होते, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, बेलापूरच्या परिसरात साखरेचा धंदा उभा राहिला, आणि सासवडकडील माळी बागाईतदारांसारखे बाहेरचे लोक येथे येऊन स्थिरावले. १९३१ च्या आकड्यात हे नवागतही आहेत. ते वजा केले, तर १९२१ ची ‘खरी’ संख्या ८ लक्ष ६० हजारांहून खाली उतरते आणि हानीचा आकडा वर जातो. तेव्हा ८५ हजार ही हानीची वरची मर्यादा नसून खालची आहे असे समजावे. पण कसेही मोजले तरी, दोन लक्ष तेरा हजारांचे खापर एकट्या मानमोडीवर फोडता येत नाही.

आता गावदप्तराकडे परत येऊ, कारण खानेसुमारीने उभ्या केलेल्या प्रश्नाची उकल अखेर त्याच अपुऱ्या दप्तरातून व्हावयाची आहे. येथे दोन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात.

पहिली कसोटी जन्मांची. ऑक्टोबर १९१८ मध्ये जी जोडपी मोडली किंवा आजाराने खचली, त्यांच्या न झालेल्या मुलांची उणीव जुलै १९१९ च्या सुमारास जन्मनोंदीत दिसली पाहिजे. तोपर्यंत पाटील-कुलकर्णी पुन्हा कामाला लागलेले होते, त्यामुळे ही उणीव नोंदीच्या शैथिल्यामुळे आहे असे सहसा म्हणता येणार नाही. ऑक्टोबरची मृत्युनोंद जे सांगू शकत नाही ते नऊ महिन्यांनंतरची जन्मनोंद सांगते. टिम डायसन यांनी वऱ्हाडच्या व इतर प्रांतांच्या नोंदींवर काम करताना महिनेवार आकड्यांचे महत्त्व दाखवून दिले आहे. वार्षिक बेरजेत या खुणा बुजून जातात.

दुसरी कसोटी स्त्रीपुरुषांची. भारतातील दुष्काळांत सामान्यतः पुरुष अधिक मरतात असे आढळते. १९१८ च्या साथीत मात्र हिंदुस्थानात स्त्रिया अधिक दगावल्या, विशेषतः ऐन तारुण्यातल्या. नोंदवहीत स्त्री आणि पुरुष हे रकाने निराळे असत. स्त्रियांची मरणे नोंदीतून सुटण्याचा संभव अधिक. तरीही एखाद्या गावी त्या शरद ऋतूत स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा वर चढलेला दिसला, तर तो पुरावा दप्तराच्या स्वाभाविक कलाविरुद्ध जाणारा, म्हणून अधिक विश्वसनीय समजावा.

मृत्यूच्या दराबद्दलही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अहवालातील दर हजारी आकडे मागील खानेसुमारीच्या लोकसंख्येवर काढलेले असत. १९२० चा दर १९११ च्या माणसांवर ! शिवाय मृत्यू जेथे घडला तेथेच नोंदला जाई. टंचाईत गाव सोडून वाटेत मेलेला माणूस परक्या गावच्या वहीत चढे, आणि त्याच्या स्वतःच्या गावात तो छेदस्थानी मात्र जिवंतच राही. ओस पडलेला तालुका कागदावर निरोगी दिसावा, ही विपरीत स्थिती अशी उत्पन्न होते.

स्वातंत्र्योत्तर काळात नोंदीची व्यवस्था बदलली. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला, आणि खेड्यांत ग्रामसेवक निबंधक झाला. त्याच वर्षी, १९७० साली, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे गावच्याच, बहुतांशी निरक्षर, स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि गावच्या आरोग्याची माहिती ठेवण्याच्या कामी त्यांचा वाटा राहिला. १९७१ साली तेथे हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके दगावत, आणि पुढे हे प्रमाण फार खाली आले, असे संस्थेने प्रसिद्ध केले आहे. येथे दप्तराचा कल पाटलाच्या दप्तराहून भिन्न दिशेचा असू शकतो. पाटलाला मृत्यू लिहिण्यात लाभ नव्हता व न लिहिण्यात फारशी हानीही नव्हती. पण जिच्या कामाचे यश मृत्यू घटण्यावर ठरते तिनेच मृत्यूची वर्दी द्यावयाची, ही परिस्थिती कितीही प्रामाणिक माणसाच्या बाबतीत स्वतंत्र पडताळणी मागते. ती पुढे झाली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संस्थेच्या दप्तरावर न विसंबता मातांनाच त्यांच्या मुलांचा वृत्तांत विचारला गेला आणि शेजारच्या इतर गावांशी तुलना केली गेली. पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षे वयापर्यंतचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे शेकडा तीस कमी आढळला. १९७१ चा मूळ आकडा अशा पाहणीने सिद्ध होत नाही. दिशा मात्र सिद्ध होते, आणि ते थोडे नव्हे.

हा सर्व विचार केवळ शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबापुरता आहे असे कोणी समजू नये. भारतात २०१९ साली सुमारे ७६ लक्ष मृत्यू नोंदले गेले. कोव्हिडच्या २०२१ साली सुमारे १ कोटी २ लक्ष. या वाढीपैकी किती मरणांची आणि किती सुधारलेल्या नोंदणीची, हा वाद अभ्यासकांत झडला. १९१८ च्या संशोधकाला अशा वेळी तीन वर्षांवर आलेली एक खानेसुमारी, सदोष का होईना, हाताशी होती. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. यापुढे जी होईल ती साथीपासून इतकी दूर असेल की, मधल्या वर्षांचे स्थलांतर आणि जन्म यांच्या राशीत त्या दोन वर्षांची तूट शोधणे नगरच्या १९२१ च्या तुटीहूनही कठीण जाईल.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. गावपातळीवरची जन्ममृत्यूची जुनी वही, म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, हिच्यात जातीचीही नोंद असे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तेव्हा ही कोनाड्यातली दप्तरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि पानोपान चाळले गेले. शोध जातीच्या रकान्याचा होता. मृत्यूची तारीख, वय आणि कारण हे त्याच ओळीत आहेत, आणि जे दप्तर एकदा उघडले ते पुन्हा बांधून ठेवले जाण्यापूर्वी आरोग्याच्या अभ्यासकाने तेथे जावयास हवे. आमच्या विभागातील मोडी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रारंभासाठी असे सुचवितो की, पाथर्डीसारख्या कोरडवाहू आणि कोपरगावसारख्या कालव्याच्या तालुक्यातील, वह्या उपलब्ध असलेली पाच-पाच गावे घ्यावीत आणि जुलै १९१८ ते डिसेंबर १९१९ या काळातील प्रत्येक नोंद तारीखवार उतरून काढावी. अक्षर कोठे बदलले, एकाच शाईत अनेक दिवसांच्या नोंदी एकदम कोठे चढविल्या, आणि ऑक्टोबरात किती दिवस एकही ओळ लिहिली गेली नाही, हेही त्याच तक्त्यात टिपावे.