उंबरठ्यावरचा कागद

पेशवाईत कर्ज थकले तर कागद येत नसे, माणूस येई. सावकार स्वतः किंवा त्याने पाठवलेला कोणी दारात येऊन बसे आणि फेड होईपर्यंत हलत नसे. याला तगादा म्हणत. पेशव्यांचा मुलूख जिंकल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली त्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याच्या तऱ्हा नोंदल्या आहेत. कूळ, म्हणजे कर्जदार, बरोबरीचे किंवा खालचे असेल तर त्याला घरात कोंडायचे, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. कूळ वरचढ असेल, तर मात्र सावकारच त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, त्याच्या वाटेत लोळण घेई, दाराशी आरडाओरडा करी, नाहीतर उपाशी बसे. आणि बाहेरचा उपाशी आहे तोवर आतल्यानेही घास घ्यायचा नाही, असा रिवाज होता. मागणी खरी असली तर अशा बसलेल्याला हुसकून लावणे कमीपणाचे समजत, हेही एल्फिन्स्टनने टिपले आहे.

हेच ते धरणे. आझाद मैदानात धरणे धरणाऱ्यांना या शब्दाची सावकारी ओळख क्वचितच ठाऊक असेल. इंग्रजांना हा प्रकार पसंत नव्हता. 1860 च्या भारतीय दंड संहितेत त्यांनी 508 वे कलम घातले: दैवी कोपाची भीती घालून कोणाकडून काही करवून घेणे हा गुन्हा. त्या कलमाखाली दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसणाऱ्याचे आहे.

तगादा क्रूर होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आपल्यावर काय आले आहे हे कर्जदाराला त्यात कळत होते. त्यालाच काय, गल्लीतल्या पोराटोरांनाही कळत होते. दिवाणी कोर्टाने उंबरठ्यावरचा माणूस उठवला आणि त्याच्या जागी समन्स पाठवले. ते समन्स पोहोचलेच नाही तर काय, याचे उत्तर दख्खनच्या कुणब्याला फार महाग पडले.

आधी व्याजाचा बांध फुटला. 1827 च्या मुंबई नियमांप्रमाणे कोर्ट शेकडा 12 हून जास्त व्याज देववत नसे. 1855 च्या कायद्याने ही मर्यादा काढून टाकली. मग 1859 साली मुदतीचा कायदा आला. नोंदणी न केलेल्या खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, 3 वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्यात ठरले. जुन्यापुराण्या खतांच्या जाचातून रयत सुटावी हा त्यामागचा एक हेतू. घडले उलटेच. दर 3 वर्षांनी सावकार कुळाला बोलावू लागला: व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून दे, नाहीतर कोर्टात ये. खताखाली कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते.

दावा लागला की तालुक्याच्या कोर्टातून बेलिफ निघे. समन्स कुळाच्या हाती द्यायचे आणि तसा शेरा मारून परत न्यायचे, एवढेच त्याचे काम. पण बेलिफाला हाताशी धरून समन्स न बजावताच बजावल्याचा शेरा घेतला जातो, अशी तक्रार पुढे सरकारी आयोगापर्यंत गेली. समन्स खरोखर हाती पडले तरी किती जण जाणार? कोर्ट दूर, वकिलाला पैसे नाहीत, आणि खताखाली नांगर तर आपलाच. म्हणून ढिगाने एकतर्फी हुकूमनामे होत. अनेकांना आपल्यावर दावा झाला होता हे जप्ती दारात आली तेव्हाच कळे. गंमत अशी, की हुकूमनामा मिळाल्यावर सावकार तो लगेच बजावून घेईच असे नाही. तो जपून ठेवी. दिवाणी तुरुंगाची धमकी देऊन आणखी एक खत लिहून घ्यायला तो कागद सोयीचा होता.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने तिथल्या देशमुखांवर सुमारे 150 रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचा वाडा पाडायला घेतला. गाव बिथरले. त्या सावकाराचे पाणी भरणे, हजामत करणे, घरकाम करणे सगळ्यांनी बंद केले. पाच महिन्यांनी, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या आठवडी बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. जमावाला पाहिजे होते ते कागद. खते आणि हुकूमनामे ज्याने मुकाट्याने काढून दिले त्याला बहुतेक ठिकाणी फार त्रास झाला नाही; नाही म्हणणाऱ्याचे घर पेटले. एवढ्या मोठ्या दंग्यात माणसांना इजा कमी झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 जणांना धरले, त्यांतल्या 501 जणांना शिक्षा झाली.

त्याच काळात मुंबईच्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी होती. शहरासाठी 1828 पासून नादारीचे खास कोर्ट होते. देण्याघेण्याची यादी तिथे दाखल करायची, आणि कोर्ट अटकेपासून संरक्षण देई. दिवाळे निघालेला व्यापारी पूर्वी दुकानात भरदिवसा दिवा लावी, त्यावरून तो शब्द आला असे सांगतात. 1865 साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, बॅकबे भरावाच्या कंपनीचे शेअर रद्दी झाले. शहरात असे दिवे जणू इतके लागले, की बुडालेल्यांची प्रकरणे निकाली काढायला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअरबाजाराचा राजाही त्यात बुडाला. कुणब्याला मात्र नादार होण्याची अशी सोय नव्हती.

ती आली 1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या 4 जिल्ह्यांत तो लागू झाला. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकणे बंद झाले. गहाण न टाकलेली जमीन जप्तीतून सुटली. 50 रुपयांवर कर्ज असलेल्याला नादारीचा अर्ज करता येऊ लागला. पण खरी मेख दुसरीकडे होती. न्यायाधीशाने खतावरचा आकडा प्रमाण मानायचा नाही, व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचे. आणि प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यायची. म्हणजे समन्सचा शेरा पाहून निकाल देऊन मोकळे होण्याची वाट अरुंद झाली. न्यायमूर्ती रानडे 1887 पासून काही वर्षे याच कायद्याखाली खास न्यायाधीश होते. खालच्या कोर्टांची तपासणी करत ते या जिल्ह्यांतून फिरत, आणि त्या फिरतीचे वर्णन त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे.

आजही चालणारी दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची आहे, आणि तिच्यात दारउंबऱ्याचा विचार कितीतरी ठिकाणी आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाने घरात शिरायचे नाही. जप्तीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण उचलायचे नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने उतरवू नये असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, तेही नाही. शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे वगळायचे. जमीन जप्त झाली तर तिथे दवंडी पिटायची. प्रतिवादी घरी नसला तर समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाला द्यायचे असे मूळ नियमात होते. 1976 साली त्यात बाईही आली. नोकर मात्र घरातला धरायचा नाही, हे नियमात मुद्दाम लिहिले आहे. आणि कोणीच घेईना, तर समन्स बाहेरच्या दारावर डकवायचे.

2018 साली मुंबई उच्च न्यायालयात क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या रकमेचे एक प्रकरण आले. देणेकरी नोटीस हाती लागू देत नव्हता. शेवटी त्याला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठवली. संदेश पोहोचला आणि पीडीएफ उघडली गेली, हे फोनवरच्या खुणांवरून दिसत होते. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी बजावणी झाली असे धरले. बेलिफाच्या शेऱ्याची जागा दोन निळ्या खुणांनी घेतली होती, आणि या वेळी त्या उमटल्या होत्या देणेकऱ्याच्या स्वतःच्याच बोटाने.