तरुण कलावंतांचे पॅरिस द्वैवार्षिक (१९५९-१९८५) : एका मर्यादेचा इतिहास

आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनांच्या इतिहासात व्हेनिसचे द्वैवार्षिक (१८९५) हे मूळपीठ मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर साओ पाउलो (१९५१) आणि कासेलचे डॉक्युमेंटा (१९५५) यांची त्यात भर पडली. ह्या काळात पॅरिसचे कलाक्षेत्रातील श्रेष्ठत्व न्यूयॉर्कच्या उदयामुळे डळमळू लागले होते. अशा वेळी, १९५९ साली फ्रान्सचे सांस्कृतिक व्यवहारमंत्री झालेले आंद्रे मालरो यांच्या पाठिंब्याने व कलासमीक्षक रेमों कोन्या यांच्या पुढाकाराने पॅरिस द्वैवार्षिकाचा आरंभ झाला. व्हेनिसची पुनरावृत्ती करण्यात अर्थ नव्हता; म्हणून नव्या प्रदर्शनाने स्वतःस एक मर्यादा घालून घेतली. ती म्हणजे सहभागी कलावंताचे वय २० ते ३५ वर्षांच्या दरम्यान असावे.

ही मर्यादा केवळ व्यवस्थेची बाब नव्हती. ज्याची कीर्ती अद्याप सिद्ध झालेली नाही अशाचीच निवड करावयाची असल्याने, निवडणाऱ्यास पूर्वीच्या मानसन्मानांचा आधार घेता येईना. त्यास स्वतःच्या दृष्टीवरच विसंबावे लागे. पहिल्याच प्रदर्शनात ह्याचा प्रत्यय आला. स्विस शिल्पकार झां तँगेली याचे चित्र काढणारे यंत्र, ‘मेता-मातिक क्रमांक १७’, तेथे मांडण्यात आले आणि त्याने प्रेक्षकांसमोर हजारो रेखाचित्रे काढली. तँगेली त्या वेळी ३४ वर्षांचा होता, म्हणजे मर्यादेच्या काठावर. त्याच प्रदर्शनात ईव्ह क्लाइन व रॉबर्ट राउशेनबर्ग हेही होते. पुढे १९६३ साली दृश्यकलेच्या संशोधक गटाचा ‘चक्रव्यूह’ येथे उभा राहिला, तर १९६७ साली दानिएल ब्युरेन व त्याचे तीन सहकारी चित्रकलेच्या रूढ कल्पनांनाच आव्हान देत पुढे आले.

तथापि ह्या योजनेत एक अंतर्विरोध आरंभापासूनच होता. परदेशांतील कलावंत त्या त्या राष्ट्राच्या अधिकृत यंत्रणेमार्फत निवडले जात. तारुण्याचा शोध घेणारे प्रदर्शन अशा रीतीने प्रौढांच्या शिफारशीवर अवलंबून राहिले. राष्ट्रीय प्रतिष्ठेस साजेसे तेच पुढे पाठविण्याचा मोह टाळणे शासनयंत्रणेस सोपे नसते. ह्या अडचणीवर उपाय १९७१ नंतर शोधण्यात आला. जॉर्ज बुदाय यांच्या कारकीर्दीत प्रदर्शन व्हँसेनच्या उद्यानात नेण्यात आले, मांडणी राष्ट्रांऐवजी कलाप्रवृत्तींनुसार करण्यात आली आणि राष्ट्रीय निवडीची जागा हळूहळू आंतरराष्ट्रीय समितीने घेतली. सरकारी मक्तेदारी सैल झाली. परंतु निवडीचे सामर्थ्य आता समीक्षकांच्या एका लहान वर्तुळाकडे गेले, हेही तितकेच खरे.

१९८५ साली ला व्हिलेत येथील जुन्या गुरांच्या बाजाराच्या भव्य दालनात ‘नवे द्वैवार्षिक’ भरले. प्रदर्शन मोठे व्हावे म्हणून वयोमर्यादा काढून टाकण्यात आली आणि प्रतिष्ठित कलावंतांस आमंत्रणे गेली. ते जुन्या स्वरूपातील अखेरचे प्रदर्शन ठरले. आर्थिक तूट हे त्याचे तात्कालिक कारण होय. पण ते एकमेव कारण मानणे योग्य होणार नाही. वयाची अट गेली तेव्हा व्हेनिस व कासेल यांच्यापासून पॅरिसला वेगळे करणारे लक्षणच गेले, आणि त्या दोघांशी केवळ विस्ताराच्या बळावर स्पर्धा करणे ह्या संस्थेस झेपणारे नव्हते.

वाढ म्हणजे आकाराची वाढ नव्हे, हा ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय. ज्या मर्यादेमुळे एखाद्या संस्थेस प्रयोजन लाभते, ती अडथळा वाटू लागली की संस्थेचे आयुष्य बहुधा संपत आलेले असते. तरीही त्या तेरा प्रदर्शनांचे फलित लहान नव्हे : ज्यांच्या नावास त्या वेळी बाजारात फारसे मोल नव्हते, अशा अनेकांस त्यांच्या उमेदीच्या काळात राष्ट्रसीमेपलीकडचा प्रेक्षक मिळाला.