गुरुजी पुन्हा बाकावर बसतात

मी इतिहास शिकवणारा माणूस. विज्ञानाच्या शिक्षकांविषयी मी काय बोलणार, असे कुणी विचारील, आणि ते बरोबरच आहे. पण शिक्षकाला कसे शिकवावे या प्रश्नालाही एक इतिहास आहे, आणि त्यातले एक जुने पान आपल्या नगरचे आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. बोलताना तोंडात अजून नगरच येते, तेवढे चालवून घ्यावे.

अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाई १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. मुलींना शिकवणे हेच त्यांचे आयुष्याचे काम. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले. शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकले पाहिजे, ही गोष्ट नगरला पावणेदोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होती ती अशी.

पुढे नॉर्मल स्कुले निघाली, ट्रेनिंग कॉलेजे निघाली. पाठाचे टाचण कसे काढावे, फळ्यावर कसे लिहावे, वर्ग कसा आवरावा, हे सगळे शिस्तीत बसले. विज्ञानाच्या बाबतीत मात्र एक मोठी उणीव राहिली. प्रयोग पुस्तकात होता, परीक्षेत होता. गुरुजींच्या हाताला मात्र तो लागलेला नव्हता.

मी शिकलो त्या शाळेत एक काचेचे कपाट होते. आत परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा, लोहचुंबक. कपाटाला कुलूप. ‘फुटलं तर भरून कोण देणार?’ असे गुरुजी म्हणायचे. ऑक्सिजन कसा तयार करतात हे आम्ही आकृतीसह पाठ केले आणि गुणही मिळवले. तेव्हा आम्ही गुरुजींना हसत होतो. आज हसवत नाही. ज्याच्या हाती आयुष्यात कुणी नळी दिली नाही, त्याने ती चाळीस पोरांच्या हाती कशाच्या भरवशावर द्यावी?

ही गाठ सोडवण्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा प्रयत्न नर्मदेच्या काठी झाला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम् म्हणतात) किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली सोळा माध्यमिक शाळा घेतल्या. सहावी ते आठवीचे वर्ग. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला गेले. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही आले. आणि या मंडळींनी पहिले काम काय केले? मुलांना बाजूला ठेवून त्यांच्या मास्तरांना उन्हाळी शिबिरात बोलावले आणि चार-चारांच्या टोळ्या करून विद्यार्थी म्हणून बसवले. व्याख्यान नाही. समोर साहित्य, आणि पुढ्यात प्रश्न.

तिथे काय चालत असे ते आपल्या शेतातल्या उदाहरणाने सांगतो. ज्वारीचे ताट उपटा. पानावरच्या शिरा एकमेकींना समांतर, आणि मुळांचा झुपका. तुरीचे झाड उपटा. पानावर शिरांचे जाळे, आणि एकच मूळ सरळ खाली गेलेले. मग गहू बघा, बाजरी बघा, हरभरा बघा. दहा-बारा रोपे झाली की कुणीतरी म्हणतोच, ‘अहो, पान बघूनच मूळ सांगता येतंय की!’ हा नियम पुस्तकात एका ओळीत छापता येतो. पण बांधावर बसून तो ज्याला स्वतः सापडला, तो मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात निराळाच माणूस असतो.

पण मास्तरांची खरी अडचण साहित्याची नव्हतीच, ती भीतीची होती. पोराने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही तर? आपल्या खेड्यांत गुरुजींची पत काय असते ते श्रोत्यांना सांगायला नको. चारचौघांत ‘मला माहीत नाही’ म्हणणे म्हणजे जणू फेटा उतरवून ठेवणे. होशंगाबादच्या शिबिरात खुद्द शास्त्रज्ञच ‘ठाऊक नाही, करून बघू’ म्हणत, तेव्हा मास्तरांचा जीव थोडा भांड्यात पडे. मुलांच्या प्रश्नांसाठी तिथे ‘सवालीराम’ नावाचा एक मानलेला गृहस्थ होता. त्याला पत्र टाकायचे आणि उत्तर यायचे. शिवाय शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका. मला त्या शिबिरांहूनही मोलाच्या वाटतात, कारण शिबिराचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून लिहायचे, आणि प्रयोग करून दाखवायचा. १९७८ साली जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत हे काम गेले, १९८२ साली ते चालवायला ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, इतर जिल्ह्यांतही ते पोचले. आणि तीस वर्षांनी, २००२ साली, शासनाने ते बंद केले. सबंध राज्याला एकच पाठ्यपुस्तक हवे, हा मुद्दा होता. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता; आपला मुलगा इतरांच्या मागे पडेल, ही बापाची काळजी खोटी नसते. पण तीस वर्षे तयार झालेले मास्तर एका कागदाने पुन्हा टाचणाकडे वळवले गेले, हे मात्र मनाला लागते.

मराठी मुलखातही काम झाले. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले, वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. या केंद्राने जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या खिरोद्याच्या परिसरात, खेड्यांतल्या शाळा हाती घेतल्या. पुस्तकाची मराठी सोपी केली की मुंबईच्या पालिकेच्या शाळांतली गरिबांची मुलेही विज्ञानात पुढे सरकतात, हेही या मंडळींनी दाखवून दिले. मुलगा मठ्ठ नसतो, कित्येकदा वाक्यच अवघड असते.

मागे आमच्या तालुक्यात अशीच एक कार्यशाळा झाली. मी नुसता बघ्या म्हणून गेलो होतो. पानांचा आणि मुळांचा तोच प्रयोग चालला होता. नियम सापडला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात एक बाई उठून मोरीजवळ गेल्या आणि अळू मुळासकट उपटून घेऊन आल्या. पानावर शिरांचे जाळे, अगदी तुरीसारखे. खाली मात्र मुळांचा झुपका. ‘आता याचं काय, सर?’

मार्गदर्शक वनस्पतिशास्त्राचे होते. अशी अपवादाची झाडे असतात हे त्यांना नक्की ठाऊक असणार. पण त्यांनी चष्मा काढला, अळू उलटेपालटे केले आणि बाईंनाच विचारले, ‘असं आणखी कुठलं झाड आहे का हो तुमच्याकडे?’ जेवणाची सुट्टी होती. पण अर्धे शिक्षक डबे तसेच ठेवून परसात गेले होते.